सौ. सुमती ताम्हाणे यांना ज्येष्ठ निवासातून परस्पर बाहेर नेल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव श्रीपाद केशव ताम्हाणे, वय ७९ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (पूर्वी ठाणे येथे न्यायालयात लघुलेखक), राहणार पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली पूर्व.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझा मुलगा अपूर्व व सून हेमांगी यांच्यासह राहतो. दोघेही नोकरी करतात. माझी पत्नी सौ. सुमती, वय ७५ वर्षे, ही सुमारे दीड वर्षापासून शीळफाट्याजवळील औदुंबर ज्येष्ठ निवास येथे राहण्यास आहे. तिला विसरण्याचा आजार आहे. आज दुपारी ठाण्यातील खोपट एस.टी. आगारात एका वृद्ध महिलेस कोणी पळवून नेत असल्याचे लोकांनी फोन करून पोलिसांना कळवले. ती महिला म्हणजे माझी पत्नी व तिला नेणारा इसम म्हणजे मी.

नोकरीत असताना असे जबाब मी पुष्कळ टंकलिखित केले आहेत. जबाब देणारे मुद्द्याचे सोडून मागचेच सांगत बसतात याचा मला राग येई. आज मलाही थोडे मागून सांगावे लागत आहे.

पत्नीचा आजार सुरू झाला तेव्हा आम्ही तिला घरीच ठेवले होते. तिच्यासाठी ब्युरोतून दिवसपाळीची बाई येत असे. पहिली बाई मोबाईल बघत बसे म्हणून सुनेने तिला बंद केले. दुसरी चांगली होती, ती लग्न ठरून गावी गेली. तिसऱ्या बाईला माझ्या पत्नीने बाथरूममध्ये कोंडून बाहेरून कडी लावली व मला येऊन सांगितले, की घरात चोर शिरला आहे. त्यानंतर ब्युरोने बाई पाठवण्याचे टाळले. मग तिचे सर्व मीच करू लागलो. एके दिवशी आंघोळ घालताना ती माझ्या हातून निसटून पडली. मला तिला उचलता येईना. मुलगा व सून कामावर होते. मी खालून वॉचमनला बोलावले. तिच्या अंगावर कपडे नव्हते. मी टॉवेल टाकला होता, परंतु तो पुरला नाही. वॉचमनने मान वळवून तिला उचलले. तो माणूस त्यानंतर लिफ्टमध्ये भेटला की मी खाली बघत असे.

तिला निवासात ठेवण्याचा निर्णय त्यानंतर झाला व तो माझा होता. सोसायटीतील लोक याबद्दल मुलाला नावे ठेवतात. ते माझ्या कानावर येते. निर्णय माझा होता असे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

सदर निवासाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. जागा स्वच्छ आहे. तेथील व्यवस्थापिका ऐश्वर्या मॅडम वयाने लहान असल्या तरी समजूतदार आहेत. माझ्या पत्नीची देखभाल मालन नावाच्या बाई करतात. त्या तिला जेवू घालतात, वेणी घालतात, खराब झाल्यास स्वच्छ करतात व वेळप्रसंगी ओरडतातही. मी दर मंगळवारी व शनिवारी जात असे. पत्नी मला कधी ओळखे, कधी नाही. ओळखले नाही तरी मी शेजारी बसलेला तिला चालत असे.

यंदा नवरात्राच्या आधी माझे लघवीच्या मार्गाचे ऑपरेशन झाले. त्यामुळे दिवाळी होईपर्यंत मला जाता आले नाही. अपूर्व एकदोनदा जाऊन आला. आई मजेत आहे, वजन वाढले आहे, असे त्याने सांगितले. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती. जेवणाच्या हॉलमध्ये माझी पत्नी चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांजवळ बसून त्यांचा वरणभात कालवत होती. मी दारात होतो. ती त्यांना म्हणाली, "अहो, लिंबू पिळू का?"

आमचे लग्न झाल्यापासून जेवताना ती मला हे विचारत आली आहे. माझ्या तोंडून दारातूनच "हो" असे निघून गेले. तिने वळून पाहिले व ती मालन बाईंना म्हणाली, "मालन, कोणी पाहुणे आलेत गं. त्यांना खुर्ची दे."

मालन बाईंनी मला बाजूला नेले. त्या म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका. त्यांचं डोकं जाग्यावर आहे का? पण जेवतात बघा आता पोटभर. आधी ताट भिरकावून द्यायच्या." ऐश्वर्या मॅडमनीही मला खोलीत बसवून समजावले. त्या म्हणाल्या, "काका, त्या तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाकडे गेलेल्या नाहीत. त्यांच्या मनात ते तुम्हीच आहात. आम्ही एकदा चूक दाखवायला गेलो तर त्या इतक्या घाबरल्या की दोन दिवस कोणाला हात लावू देईनात." मी त्यांना विचारले, "हे तुमच्या घरात झालं असतं तर?"

सदर गृहस्थांचे नाव गुणाजी पाष्टे, वय अंदाजे सत्तर, मूळ राहणार संगमेश्वरकडील. ठाण्यात एका कंपनीत ते माल चढवण्याउतरवण्याचे काम करीत. अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेली आहे. बुद्धी शाबूत आहे. पुतण्याने त्यांना तेथे आणून ठेवले, त्यानंतर त्यांच्याकडे कोणी आलेले मी पाहिले नाही.

मी त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, "साहेब, मी करू काय सांगा. बाई अहो म्हणतात. मी गप राहिलो तर रडतात, म्हणून ओ देतो." मी विचारले, "फक्त ओच देता?" ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटतं. माझी बायको माझ्याशी कधी दोन शब्द गोडीनं बोलली नाय. तिची काय चूक नव्हती, मीच पिऊन यायचो. आता ही बाई विचारते लिंबू पिळू का, तर मला नाय म्हणवत नाय."

यावर मी त्यांना म्हणालो, की तिच्या शेजारी बसण्याची तुमची लायकी आहे का? हे मी मोठ्याने बोललो. हॉलमधील सर्वांनी ऐकले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीही माना वळवल्या. गुणाजी ताटाकडे बघत राहिले. माझी पत्नी उठून उभी राहिली व मला म्हणाली, "आमच्या ह्यांच्याशी नीट बोला."

त्यानंतर मी ऐश्वर्या मॅडमकडे आग्रह धरून गुणाजींना वरच्या मजल्यावर हलवण्यास लावले. त्यांनी ते नाइलाजाने केले. मागाहून मालन बाईंनी मला फोन करून सांगितले, की माझी पत्नी खोल्याखोल्यांतून फिरून त्यांना शोधते, तोंडात घास घेत नाही, सलाईन लावावे लागले. म्हणून त्यांना परत खाली आणण्यात आले. मला विचारले गेले तेव्हा मी "आणा" एवढेच म्हणालो. पुढे मी जाणे बंद केले. घरी गुडघा दुखतो असे सांगितले. आईने दुसऱ्याला बाबा केले आहे, हे मुलाला कोणत्या शब्दांत सांगावे ते मला सुचले नाही.

आजच्या प्रकाराबाबत सांगतो, की काल मी निवासात फोन करून कळवले, की ठाण्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे व मुलगा गाडी घेऊन येणार आहे. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. माझा बेत तिला खोपटहून एस.टी.ने रोह्यास नेण्याचा होता. रोहा तिचे माहेर आहे. तेथे आता फक्त तिची भावजय असते. भावजयीस मी कळवले नव्हते. तेथे जाऊन पुढे काय करणार होता, असे साहेबांनी विचारले. तेवढा विचार मी केला नव्हता. मला तिला त्या हॉलमधून बाहेर काढायचे होते.

आज सकाळी मी निवासात गेलो तेव्हा मालन बाईंनी तिला तयार ठेवले होते. एरवी तिला गाऊन घालतात. आज डॉक्टरकडे जायचे म्हणून मालन बाईंनी तिला आमच्या घरून आलेली अबोली साडी नेसवली होती व कुंकू लावले होते. ती फार चांगली दिसत होती. मालन बाई मला म्हणाल्या, "काका, मी येऊ का संगती? बाथरूमला लागलं तर तुम्हाला जमायचं नाही." मी म्हणालो, की गाडी गेटच्या पुढे उभी आहे, मुलगा आहे, गरज नाही. त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. तीत डायपर, जादा परकर व साडी होती. ती पिशवी मी गेटजवळच्या बाकावर ठेवून दिली. ती विसरली असे मी मघाशी तोंडी सांगितले, ते बरोबर नाही. डायपरची पिशवी घेऊन मला माझ्या पत्नीबरोबर प्रवास करायचा नव्हता.

आम्ही शीळफाट्यावरून रिक्षाने ठाण्यास निघालो. रिक्षात ती खूश होती. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. मध्येच तिने मला विचारले, "तुमच्या मिसेस नाही आल्या?" मी म्हणालो, "आल्यात." ती म्हणाली, "मागच्या रिक्षात असतील." मला हसू आले. मला हसताना पाहून तीही हसली. मुंब्र्याच्या पुढे येईपर्यंत आम्ही हसत होतो. या जबाबाशी त्याचा संबंध नाही, पण ते लिहून घ्यावे.

खोपट आगारात पोहोचलो तेव्हा रोह्याची गाडी लागलेली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. मी चहा आणला, तो तिने घेतला. त्यानंतर तिने विचारले, "हे कुठे राहिले?" मी म्हणालो, की येतील मागच्या गाडीने. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांचं जेवण व्हायचंय. मी गेल्याशिवाय ते बसायचे नाहीत." ती उठली व गेटच्या दिशेने चालू लागली. मी तिचे मनगट धरले व म्हणालो, "सुमती, अगं मी श्रीपाद. मीच तुझा नवरा. नीट बघ माझ्याकडे." ती हात सोडवू लागली. मी सोडला नाही. मी तिला ओढून बाकावर बसवले. तिच्या मनगटावर जो वळ दिसतो, तो माझ्या हाताचा आहे. इतर कोणी तिला हात लावलेला नाही.

ती ओरडली, "सोडा मला! हा माणूस मला पळवून नेतोय!"

लोक जमा झाले. एक तरुण म्हणाला, "ओ काका, हात सोडा पहिला." मी म्हणालो, "बायको आहे माझी." तो तिला म्हणाला, "मावशी, घाबरू नका. ओळखता का ह्यांना?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटले आता ती सांगेल. ती म्हणाली, "पाहिल्यासारखं वाटतंय कुठेतरी. पण आमच्यातले नव्हेत हे."

तेव्हा कोणीतरी माझ्या थोबाडीत मारली. कोणी मारली ते मी पाहिले नाही, कारण चष्मा पडला. एकाने शर्टाची कॉलर धरली. काहीजण मोबाईलवर चित्रण करू लागले. "ह्या वयात पण बघा काय धंदे करतात", "दागिने काढून घेतले असतील रे, गळ्यात काय नाय बघ तिच्या", असे शब्द मी ऐकले. निवासात मंगळसूत्र काढून ठेवतात व ते आमच्या घरी कपाटात आहे, हे मी सांगू लागलो, पण माझे कोणी ऐकले नाही.

गर्दीतील एका बाईंनी तिला विचारले, "मावशी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय? आपण फोन लावू त्यांना." माझ्या पत्नीने खांद्यावर पदर घेतला. अशा गोंधळातही ती जरा लाजली. म्हणाली, "नाव घ्यायला लावता होय चारचौघांत?" मग म्हणाली, "श्रीपाद केशव ताम्हाणे. कोर्टात असतात."

मी म्हणालो, "मीच तो." मी खिशातून ज्येष्ठ नागरिकाचे कार्ड काढले. त्या तरुणाने त्यावरील नाव मोठ्याने वाचले. त्याने पत्नीला कार्डावरचा फोटो दाखवला व विचारले, "मग हेच ना ते श्रीपाद?" ती म्हणाली, "छे हो! हे नव्हेत. ते तिकडे माझी वाट बघत बसलेत. उपाशी असतील."



याच वेळी माझ्या पत्नीचे कपडे खराब झाले. फरशीवरही झाले. चित्रण करणारे मागे सरकले. आगारातील स्वच्छतागृहात काम करणाऱ्या गंगुबाई नावाच्या महिलेने पुढे येऊन तिला आत नेले. त्यांनी मला जादा कपडे मागितले. माझ्याजवळ नव्हते. त्यांनी स्वतःची साडी तिला नेसवली. तेवढा वेळ मी स्वच्छतागृहाच्या बाहेर उभा होतो. मी पळून जाऊ नये म्हणून दोघांनी माझे दंड धरले होते. आतून पत्नीचा आवाज येत होता. ती गंगुबाईंची माफी मागत होती.

पोलीस आल्यावर त्यांनी मला जागेवरच विचारले, की यांना निवासातून कोणाच्या परवानगीने आणले? त्या वेळी मी असे सांगितले, की "तेथल्या मालन बाईंनीच पाठवलं, त्यांना सगळं माहीत होतं." हे मी धादांत खोटे सांगितले. का सांगितले असे विचारले असता, तेथे उभे असलेले सर्व लोक माझ्याकडे पाहत होते. त्यांनी दुसऱ्या कोणाकडे तरी पाहावे एवढेच मला हवे होते.

माझ्या त्या बोलण्यावरून पुढील गोष्टी झाल्या. पोलिसांनी निवासात फोन केला. माझा मुलगा अपूर्व याने फोनवरून मालन बाईंवर गुन्हा दाखल करा असे पोलिसांना सांगितले. ऐश्वर्या मॅडमनी मालन बाईंना कामावरून थांबवले व सोबत येथे आणले. पोलीस ठाण्यात आल्यावर मालन बाईंनी प्रथम माझ्या पत्नीची साडी नीट केली. मग माझ्यासमोर उभ्या राहून त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या, "काका, मी येते म्हटलं होतं ना तुम्हाला? मला नको म्हणालात. आणि आता माझं नाव घेता? मी तुमच्या बायकोचं हगणंमुतणं काढते. तुम्ही माझ्या पोटावर पाय देता होय?" त्यांच्यामागे दारात अपूर्व येऊन उभा होता. त्याने ते ऐकले.

मालन बाईंचा यात कोणताही दोष नाही. त्यांना मी फसवले. त्यांनी दिलेली पिशवी गेटवरील बाकावर असेल. तेथील वॉचमन दौलत याने मला ती ठेवताना पाहिले आहे. मालन बाईंना कामावर परत घ्यावे असे मी ऐश्वर्या मॅडमना सांगितले असून, त्यांनी ते माझ्यासमोर मान्य केले आहे. मालन बाईंनी मला माफ केलेले नाही. तसे त्यांनी मला सांगितले.

मुलाने मला विचारले, "बाबा, तुम्हाला न्यायचंच होतं तर मला का नाही सांगितलंत? आपण आईला घरी आणली असती." तेव्हा मी त्याला गुणाजींबद्दल सर्व सांगितले. ते तो कॉरिडॉरमधील बाकावर बसून ऐकत होता. त्याला ते आधीच माहीत होते असे त्याने सांगितले. दिवाळीत तो भेटायला गेला तेव्हाच त्याने पाहिले होते. मला कळू नये म्हणून तो गप्प राहिला होता.

यानंतर पत्नीला निवासात परत नेण्याचे ठरले, परंतु ती खुर्चीतून उठेना. दिवसभराच्या ओढाताणीने ती इतकी घाबरली होती, की आता मालन बाईंनाही जवळ येऊ देईना. महिला पोलीस अंमलदारांनी समजावून पाहिले. अपूर्वने "आई, चल" म्हटले. ती सर्वांना एकच सांगत होती, "ह्यांना बोलवा. हे आल्याशिवाय मी कुठे जायची नाही." मी समोरच्या बाकावर बसलो होतो. ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या, की उचलून गाडीत घातले तर त्या पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाहीत.

तेव्हा मी ऐश्वर्या मॅडमना गुणाजींना फोन लावण्यास सांगितले. फोन प्रथम मी घेतला. मी म्हणालो, "पाष्टे, मी ताम्हाणे बोलतोय. ती उठत नाहीये. तुम्ही तिला बोलवा." ते म्हणाले, "साहेब, बोलवतो. पण कोणाच्या नावानं बोलवू? तुमच्या की माझ्या?"

मी म्हणालो, "माझ्या."

चारचौघांत मी पत्नीला सुमती म्हणतो. दोघेच असताना म्हणायचे नाव वेगळे आहे. त्या नावाने हाक मारली तर ती उठेल असे मी गुणाजींना सांगितले व ते नाव त्यांना सांगितले. ते नाव त्यापूर्वी आमच्या दोघांखेरीज कोणास माहीत नव्हते. ते येथे लिहू नये अशी मी विनंती केली, ती मान्य करण्यात आली आहे.

फोन पत्नीच्या कानाला लावण्यात आला. गुणाजी यांनी श्रीपाद बोलत असल्याचे माझ्या सांगण्यावरून सांगून तिला त्या नावाने हाक मारली व जेवायला ये असे म्हटले. ती म्हणाली, "आले, आले. तुम्ही ताट वाढून घ्या, गार होईल." ती लगेच उठली. चपला शोधू लागली. चपला माझ्या बाकाखाली होत्या, त्या मी तिच्या पुढे ठेवल्या.

गाडीत तिच्यासोबत अपूर्व, मालन बाई व ऐश्वर्या मॅडम गेल्या. मी गेलो नाही. जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझ्या गालाकडे पाहून म्हणाली, "सुजलंय की हो. घरी गेल्यावर मिसेसना सांगा हळद लावून द्यायला." मी "सांगतो" म्हणालो.

आगारात मला मारणाऱ्या इसमांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हात उगारला असता. चित्रण कोणाकडे असल्यास ते काढून टाकण्यास सांगावे, ते माझ्यासाठी नव्हे, पत्नीच्या कपड्यांमुळे. गंगुबाईंची साडी धुऊन परत करण्याची जबाबदारी मी घेतो.

यापुढे पत्नीला निवासातून मी परस्पर बाहेर नेणार नाही. गुणाजी पाष्टे यांना वरच्या मजल्यावर हलवू नये असे मी व्यवस्थापिकांना कळवले आहे. शनिवारी मी जाणार आहे. गुणाजींना मी जे बोललो त्याबद्दल त्यांच्याशी बोलायचे आहे. जमेल की नाही हे आज सांगता येत नाही. पत्नीने खुर्ची दिली तर बसेन.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो लक्ष देऊन ऐकला. फोनसंबंधीच्या मजकुरात "गुणाजी यांनी श्रीपाद बोलत असल्याचे खोटे सांगून" असे शब्द आले होते. त्यातील "खोटे" हा शब्द मी खोडण्यास लावला व त्या जागी "माझ्या सांगण्यावरून" असे घालण्यास सांगितले. त्या दुरुस्तीवर मी वेगळी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे उतरले असून ते खरे आहे.

जबाब देणार,
(सही) श्रीपाद केशव ताम्हाणे